मदत हवी आहे: ‘हम लोग’च्या पहिल्या भागांतले अशोककुमारांचे कापलेले शेवट

नमस्कार मंडळी,

दूरदर्शनवरच्या ‘हम लोग’चे अगदी सुरुवातीचे भाग कुणाकडे शेवटपर्यंत, एक सेकंदही न कापता, जपलेले आहेत का?

गोष्ट संपली की अशोककुमार पडद्यावर यायचे, त्या दिवशीच्या प्रसंगावर चार शब्द बोलायचे आणि निरोप घेताना ‘हम लोग’ हे शब्द वेगवेगळ्या भारतीय भाषांत म्हणायचे. त्यातला मराठी निरोप मला हवा आहे. तेवढाच.

७ जुलै १९८४ ला मालिका सुरू झाली तेव्हा माझी आई चेंबूरला टिळकनगरात राहायची. घरी टीव्ही नव्हता. आई, मामा आणि आजी शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायचे. अशोककुमारही चेंबूरचेच, युनियन पार्कातले. त्यामुळे ते दिसले की काकू आवाज मोठा करायला सांगायच्या. आपल्याच भागातला मोठा माणूस बोलतोय, नीट ऐका, असं.

एका रात्री त्यांनी मराठीतून निरोप घेतला. आई म्हणते, ते ‘आम्ही लोक’ म्हणाले. मामा म्हणायचा, ‘आपण लोक’. या एका शब्दावरून बहीणभाऊ पुढे कितीतरी गणपतींत भांडले.

बाहेरच्याला वाटेल, एवढं काय त्यात. पण हिंदीतल्या ‘हम’ला ही अडचणच नाही, मराठीत मात्र निवडावंच लागतं. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येऊन पाटावर बसतो. आईचं म्हणणं, ही त्या घराची गोष्ट होती. बसेसरराम पिणार, भगवंती राबणार, बडकीचं लग्न अडणार, मझलीला सिनेमाचं वेड. ते लोक आपल्याला सांगतायत की आम्ही हे असे आहोत. मामाचं म्हणणं, दादामुनी (म्हणजे अशोककुमार) त्या घरातले नव्हतेच मुळी, ते आपल्याकडे बघून बोलायचे, मग ‘आम्ही’ कसं म्हणतील? मला दोघांचंही पटतं, म्हणून तर प्रत्यक्ष ऐकायचं आहे.

मामा गेल्या वर्षी गेला. त्याच्या कपाटात एक व्हीएचएस कॅसेट मिळाली, चिठ्ठीवर त्याच्या तिरक्या अक्षरात ‘हम लोग, पहिले’. काकूंच्या मुलाने मस्कतहून व्हीसीआर आणला होता आणि तो चालवणं फक्त मामाला जमायचं. ओळखीतल्या एकाच्या जुन्या मशीनवर आम्ही ती लावली. पाच भाग आहेत. मॅगीची जाहिरात गाळलेली आहे (मॅगी प्रायोजक होती, आईला ती जाहिरात अजून आठवते) आणि शेवटही गाळलेले आहेत. दोन ठिकाणी अशोककुमारांचा चेहरा येतो, ते बोलायला तोंड उघडतात आणि लगेच पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या. आई म्हणाली, “कॅसेट महाग होती रे तेव्हा. गोष्ट संपली की दादा बटण दाबायचा.” नंतर ती बराच वेळ काही बोलली नाही.

भाग कोणता असेल याचा माझा अंदाज असा. सुरुवातीच्या १३ भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश बराच उघड होता. मेक्सिकोतल्या मालिकांमधून समाजशिक्षण करतात ते पाहून ही कल्पना इकडे आणली गेली होती. लोकांना तो उपदेश रुचला नाही, म्हणून पुढे तो सौम्य केला गेला आणि मनोहर श्याम जोशींच्या लेखणीतली घरगुती गोष्ट वर आली. आता आईला आठवतं की त्या रात्री तसलं बोलणं सुरू झालं तशी आजी संकोचून उठली आणि “भात लावायचाय” म्हणत घरी निघून गेली. मराठी निरोप तिला सांगायला आई धावत गेली, म्हणून ती रात्र लक्षात राहिली. म्हणजे तो भाग बहुधा या १३ मधलाच. एकूण भाग दीडशेच्या वर आहेत, त्यामुळे एवढं कळलं तरी शोध पुष्कळ सोपा होतो.

ऑनलाइन मिळालेल्या प्रती मी बघितल्या. काहींचा शेवट आधीच तुटतो, काहींत नेमका तिथेच आवाज फाटतो.

कुणाच्या घरी जुनी कॅसेट असेल, किंवा कुणाला तो निरोप आठवत असेल, तर कृपया लिहा. आणि कॅसेटवर पांढरी बुरशी दिसते आहे, तिचं काय करावं हेही सांगा.

प्रतिसाद १

आधी ती कॅसेट पुन्हा लावू नका! बुरशी मशीनच्या हेडवर बसते, तिथून दुसऱ्या कॅसेटवर जाते आणि टेप खरवडली जाते. मुंबईच्या पावसाळ्यात निम्म्या कॅसेटी अशाच गेल्या. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि टेप हाताने साफ करून देणाऱ्याकडेच द्या. एक विचारतो, कॅसेट १८० मिनिटांची आहे का? एलपीमध्ये, म्हणजे निम्म्या वेगाने, भरली असेल तर सहा तास मावतात, पण ती वाचायला एलपी चालणारा व्हीसीआर लागतो. साध्या मशीनवर चित्र नीट दिसत नाही, मुंग्या येतात. मुंग्यांपुढे काहीच नाही असं धरून चालू नका.

प्रतिसाद २

निरोप वेगवेगळ्या भाषांत असायचा हे पक्कं आठवतं, आम्ही भावंडं आज कोणती भाषा येणार याची पैज लावायचो. मराठीचा शब्द मात्र आठवत नाही, क्षमा असावी. सांगलीच्या घरी माळ्यावर कॅसेटींचं खोकं आहे. दिवाळीत जाईन तेव्हा बघते.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार.

प्रतिसाद १, कॅसेट १८० चीच आहे. भाग स्वच्छ दिसले, मुंग्या फक्त दोन भागांच्या मधे आहेत, त्यामुळे एलपीची अडचण नसावी. पण तुमचं वाचून एक लक्षात आलं. पाचव्या भागानंतर मुंग्या दिसल्या आणि आम्ही मशीन बंद केलं. पुढची टेप पाहिलेलीच नाही. चाकावर अजून बरीच शिल्लक आहे. आजच डब्यात ठेवली. लॅमिंग्टन रोडला टेप साफ करून देणारं कुणी माहीत असेल तर सांगा, मी स्वतः घेऊन जाईन, कुरिअरने पाठवायचा धीर होत नाही.

प्रतिसाद २, दिवाळीपर्यंत थांबतो. खोक्यात ‘हम लोग’ मिळालं तर तिथे लावून बघू नका, आधी बुरशी आहे का ते उजेडात पाहा. आईला तुमच्या पैजांबद्दल सांगितलं. तिचं म्हणणं, मराठी कोणत्या दिवशी आली तेवढं तरी भावंडांना विचारून बघा.