मदत हवी आहे: ढब्बूला घेऊन रविवारी कुठे जावं? (पुणे)

आमची ढब्बू दोन वर्षांची, गावठी कुत्री, अठरा किलो. राहतो कोथरूडला. रोज सकाळी वेताळ टेकडीवर नेतो, पण मोर दिसला की माझा खांदा निखळायची वेळ येते! शिवाय पावसाळ्यात गोचिड्या. बागेत न्यावं तर फाटकावरच ‘कुत्र्यांना मनाई’. रिक्षावाले तिला बघून वेग वाढवतात.

कोथरूड-कर्वेनगर-बावधन भागात कुत्र्यांना खरंच बसू देणारं एखादं हॉटेल किंवा कॅफे माहीत आहे का? ‘चालेल’ म्हणून पार्किंगमध्ये बसवणारं नको. मोकळं सोडता येईल असं कुंपणाचं मैदान असेल तर सोन्याहून पिवळं. उन्हाळ्यात नऊनंतर डांबर तापतं, तेव्हा सकाळी लवकर उघडणारी जागा हवी. अनुभव असेल तरच सांगा, प्लीज.