मदत हवी आहे: एल्डन रिंगमध्ये नुसतं भटकत राहिलं तर चालतं का?

शेंगाचटणी (सोलापूर)

नमस्कार. गेमवर धागा काढतेय, अस्थानी वाटला तर संपादकांनी हलवावा. घरात विचारण्यासारखं कोणी नाही, आणि यूट्यूब उघडलं की थंबनेलवरच शेवटचा बॉस दिसतो.

भाऊ नोकरीला पुण्याला गेला तेव्हा त्याचा पीसी माझ्याकडे आला, त्यात हा गेम होता. मी अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. रात्री मुलगा झोपला की तासभर माझा. आधी स्कायरिम मनसोक्त खेळलेय, त्यामुळे मोठं जग, घोडा, गुहा, ड्रॅगन यांचं नवल उरलेलं नाही असं वाटायचं.

सुरुवातीच्या कबरस्तानातून वर येऊन ते मोठं दार ढकललं आणि लिमग्रेव्ह दिसलं. समोर उतरता हिरवा माळ, पडकं चर्च, लांब कड्यावर किल्ला, आणि सगळ्याच्या मागे आभाळभर पसरलेलं सोन्याचं झाड. बरं, दिसलं. आता करायचं काय? स्कायरिममध्ये वर होकायंत्राची पट्टी असते, कामांची यादी असते, बाण असतो. इथे ग्रेसपाशी (विसाव्याची सोनेरी जागा) बसलं की एक सोनेरी किरण एका दिशेला झुकतो, बास. सात रस्त्याला पानवाल्याला पत्ता विचारला तर तो चुना लावता लावता नुसती मान वळवून "तिकडं" म्हणतो, तेवढीच ही मदत.

आणि त्या "तिकडं"च्या वाटेवर पहिल्याच मिनिटाला सोनेरी चिलखतातला घोडेस्वार! ट्री सेंटिनल. एका फटक्यात मी गार. हा कसला न्याय म्हणून चिडचिड झाली. दुसऱ्या दिवशी डबा भरताना डोक्यात आलं, की त्याच्याशी लढ असं मला कोणी सांगितलंच नव्हतं. झाडांच्या आडून वळसा घालून गेले, तर स्वारी आपल्या नादात. तिथून पुढे खेळ आवडायला लागला.

मग मेलिना भेटली, तिने टॉरेंट दिला. हवेत दुसरी उडी मारणारा घोडा मिळाल्यावर माणूस सरळ रस्त्याने जाईल का? तलावाकाठी जळक्या पडक्या भिंती होत्या, त्यांच्या तळघरात पेटी दिसली. उघडली तर आतून धूर, आणि डोळे उघडले ते स्फटिकांच्या कुठल्यातरी खाणीत. नकाशावरून परत जायची सोयही बंद. लपतछपत बाहेर पडले तर आभाळ लाल, जमीन सडलेली, आणि गाढवाएवढाले कावळे. केलिड म्हणे. पहिली ग्रेस गाठली आणि तिथून पळ काढला. वैताग यायला हवा होता, पण मला हसू येत होतं. नकाशा उघडला तर त्याची कडच पूर्वेला सरकलेली. म्हणजे जेवढा दिसत होता तेवढा नकाशा नव्हताच.

पण खरं सांगायचंय ते लिफ्टचं. पूर्वेला मिस्टवूड नावाचं जंगल आहे (तिथल्या अस्वलांच्या वाटेला जाऊ नका, हात जोडून सांगते). त्यात एक दगडी इमारत सापडली, आत लिफ्ट. उभी राहिले, ती खाली निघाली. जातेय, जातेय, जातेच आहे. मला वाटलं गेम अडकला. शेवटी टेकली, चार पावलं पुढे गेले, तर डोक्यावर चांदणं. जमिनीच्या खाली! मोडके खांब, देवळांसारखी काहीतरी बांधकामं, मधून वाहणारी नदी. नाव सिओफ्रा. कोणी पाठवलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं, वरच्या नकाशावर मागमूस नव्हता. लढाई सोडून मी नुसती कॅमेरा फिरवत उभी. घड्याळात बघितलं तर साडेबारा, आणि सकाळी नळाला पाणी यायचा दिवस.

आता अडचण. भाऊ फोनवर म्हणतो, "मार्गिटला मारल्याशिवाय गेम सुरूच होत नाही, तू टाइमपास करतेस." मार्गिट म्हणजे किल्ल्याच्या वाटेवरचा काठीवाला म्हातारा. त्याच्याकडे गेले की मार खाऊन परत येते. व्हॅगाबॉंड (सुरुवातीला निवडायचा तलवारवाला लढवय्या) घेतलाय, लेव्हल विसाच्या आसपास, तलवार पहिल्या दिवसाचीच. तेव्हा त्यालाच धरून बसू, की भटकत राहू? भटकण्यात मजा आहे, पण सारखी रुखरुखही लागते की मागे काहीतरी राहतंय. लोक भेटतात, कोड्यात दोन वाक्यं बोलतात आणि गायब. कामांची वही गेममध्ये नाही, मग तुम्ही लक्षात कसं ठेवता? मिस्टवूडमध्येच एका पडक्या भिंतीवरून लांडग्यासारखं कोणीतरी रडतं. त्याचं काही करायचं असतं, की तो आपला रडतोय?

आणि दोन बाळबोध प्रश्न. याला पॉज नाही का? मुलगा रात्री पाणी मागायला उठला की मी मेलेच. शिवाय आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. सेव्ह जात नाही ना?

कृपया पुढची कथा सांगू नका.

---

बार्शी_लाईट

ताई, भावाचं मनावर घेऊ नका. मार्गिटला तिथे बसवलाय तोच मुळी माणसाने मागे फिरावं म्हणून. किरण त्याच्याकडे नेतो हे खरं, पण जायलाच हवं असं नाही. लिमग्रेव्हच्या दक्षिणेला पूल ओलांडला की वीपिंग पेनिन्सुला लागतं. वैरी सोपे, प्रदेश आटोपशीर, आणि तिथल्या तीन पडक्या चर्चमध्ये प्रत्येकी एक सेक्रेड टिअर आहे. त्याने औषधाच्या बाटलीचा गुण वाढतो. वाटेत सोनेरी प्रकाशाचं छोटं झाड दिसलं तर तिथे गोल्डन सीड असतं, त्याने बाटल्यांची संख्या वाढते.

तलवार पहिल्या दिवसाचीच आहे हे वाचून मात्र कळवळलो. तुम्हाला सुरुवातीला दिसलेलं पडकं चर्च म्हणजे एल्लेह चर्च, त्यात ऐरण आहे, तिथे हत्यार प्लस तीनपर्यंत घडवता येतं. रून्स (वैरी मारून मिळतात ते) थोडे दिवस फक्त व्हिगरमध्ये, म्हणजे जीव वाढवण्यात, घाला. आणि वजन बघा. अंगावर चढवलेल्या सामानाचं वजन क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या वर गेलं की फटका चुकवायची कोलांटी जड होते. मार्गिट मुद्दाम थांबून थांबून काठी मारतो, तिथे जड माणूस हमखास सापडतो.

वही वगैरे ठेवू नका. पहिल्या खेपेला निम्म्या लोकांच्या गोष्टी सगळ्यांच्याच हातून निसटतात. निसटू द्या. सगळं सापडलंच पाहिजे या हट्टापायी मी एक मोठा गेम विकी समोर ठेवून खेळलो, आज त्यातलं काही आठवत नाही.

---

रात्रपाळी

हिशेब बघणाऱ्या बाईला वही ठेवू नको म्हणणं म्हणजे कमाल आहे. ताई, खुशाल ठेवा. कोण, कुठे, काय म्हणालं, एवढं पुरतं. शिवाय नकाशावर शिक्के मारता येतात, शंभरपर्यंत. मी न हरवता आलेल्या बॉसवर कवटी मारतो. प्रकाशाचे उभे खांब वेगळे, ते पाचच लावता येतात, पण लांबून दिसतात. आणि अंधाऱ्या, न उघडलेल्या नकाशावरही बारीक खांबाचं चिन्ह असतं, नीट बघा. त्या भागाचा नकाशा तिथेच मिळतो.

पॉज नाही, पण पळवाट आहे. इन्व्हेंटरी उघडा, मदतीचं बटण दाबा, त्यात मेनू एक्सप्लनेशन निवडा. तो मजकूर समोर असेपर्यंत खेळ थांबतो. वैरी हवेत काठी उगारून तसाच राहतो. पोराला सावकाश पाणी द्या.

वीज गेली तर फारसं बिघडत नाही, गेम स्वतःच सारखा सेव्ह होत असतो. नेमकं सेव्ह होताना गेली तर फाइल खराब होऊ शकते, म्हणून अ‍ॅपडेटा, रोमिंग, त्यातल्या एल्डन रिंगच्या फोल्डरची अधूनमधून पेनड्राइव्हवर कॉपी घ्या.

---

जुळे_सोलापूरकर

ओ ताई, मीबी सोलापूरचाच, आत्ता दुसऱ्यांदा खेळायलोय. त्या रडणाऱ्याचं सांगतो, कथा फोडत नाही. रडणं ऐकलंय ना, आता एल्लेह चर्चमधल्या व्यापाऱ्याशी बोला. काले त्याचं नाव. तो एक खूण शिकवतो, फुकट. ती त्या भिंतीखाली उभं राहून करा. लई भारी माणूस आहे तो.

त्याच चर्चमध्ये रात्री पण जाऊन या. ग्रेसपाशी बसून रात्र करता येते. घोडा मिळालाय म्हणजे एक बाई बसलेली दिसंल, ती घंटी देते आणि ती वाजवून बोलवायचे लांडगे देते. ते तीन लांडगे मार्गिटवर सोडा आणि तुम्ही मागून हाणा. काही लोक म्हणतात ही चीटिंग आहे. गेमनं दिलंय तर चीटिंग कसली?

मेमध्ये वरच्या खोलीत खेळत असाल तर ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमधून फ्रेम तीसवर बांधा. तसंबी हा गेम साठच्या वर जात नाही. माझा पीसी स्लॅबच्या खोलीत उन्हाळ्यात बंद पडायचा, तेव्हापासून असंच खेळतो.

---

बार्शी_लाईट

लांडग्यांबद्दल सहमत. वहीबद्दल अजूनही नाही.

---

शेंगाचटणी

सगळ्यांचे आभार. पॉजची पळवाट चालली! काल मुलगा उठला तेव्हा स्क्रीनवर एक सैनिक भाला उगारून उभा होता, तो बघून पोरगं विचारतं, "आई, हा मारत का नाही?"

वही केली आहे, बार्शीकरांनी माफ करावं. पहिल्या पानावर काले आणि रडणारा. खूण केली, तो खाली उतरला, बोलला. जुळे सोलापूरकर म्हणतात ते खरं आहे, भारी आहे. भावाला हा भेटलाच नव्हता असं कळलं, तेव्हापासून टाइमपासचा विषय बंद आहे.

मार्गिट राहू दे, या आठवड्यात दक्षिणेकडे जाते. फक्त एक सांगा, तलवार प्लस तीन करायला दगड किती लागतात, आणि जवळ कुठे मिळतील? माझ्याकडे चारच आहेत.

---

रात्रपाळी

पहिल्या नंबरचे स्मिदिंग स्टोन लागतात. प्लस एकला दोन, प्लस दोनला चार, प्लस तीनला सहा, म्हणजे एकूण बारा. तलावाच्या उत्तरेला कड्यात लिमग्रेव्ह टनेल्स आहेत. नकाशावर खाणींच्या जागी नारिंगी कडेचा काळा ठिपका असतो, तो शोधा. आत भिंतीत दगड चमकतात, ते खणून घ्या. दक्षिणेला जायच्या आधीच उरकून टाका.