पुढे २२५, मागे २५५: ट्रॅकवर नेण्याआधी चारही टायर सारखे करावेत का?

घाटवळण (रत्नागिरी):
गाडी मागच्या चाकांवर चालणारी सेडान. पुढे २२५/४५ आर १८, मागे २५५/४० आर १८ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचात). कोकणात ट्रॅक नाही, म्हणजे कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेपर्यंत चालवत न्यायची आणि त्याच टायरवर परत आणायची. माझं मत, चारही २५५ करा. आत्ता मागच्या टोकाची पकड पुढच्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे वळणात आधी पुढचे टायर हरतात. नाक आत येत नाही म्हणून चालवणारा स्टीअरिंग आणखी फिरवतो, बाहेरची कड तापते, आणि दोन-चार लॅपमध्ये होती ती पकडही जाते. कंपनी हे मुद्दाम करते. रस्त्यावर घाबरलेला माणूस अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. नाक बाहेर जात असेल तर गाडी तेवढ्याने सावरते, शेपूट सुटलं असेल तर गरकन फिरते. ट्रॅकवर हा विमा कशाला? शिवाय चारही सारखे असले की पुढचे-मागचे अदलाबदल करून झीज वाटून घेता येते.

खाडीकाठ (मालवण):
ह्या माका पटणा नाय. वजन तेवढंच आणि हवा तेवढीच असेल तर टायरचा जमिनीवरचा ठसा साधारण तेवढाच राहतो, फक्त आखूड आणि रुंद होतो. दोष ३० मिमीवर ढकलण्याआधी कॅम्बर बघा, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा कल (उणे म्हणजे वरचं टोक आत). रस्त्यासाठी दिलेल्या जेमतेम उणे अर्ध्या-एक अंशात पुढचा बाहेरचा टायर खांद्यावर लोळतो. तो उणे अडीचच्या आसपास न्या, हा कल बदलू देणाऱ्या कॅम्बर प्लेट लागल्या तर लावा, आणि टो (वरून पाहताना चाकं किती आत-बाहेर वळलीत ते) पुन्हा सेट करून घ्या. कॅम्बर बदलला की टो हलतोच. मग हवा. थंड असताना ३१ पीएसआय भरा, टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारा, १५ मिनिटं चालवा आणि पिटमध्ये शिरताक्षणी मोजा. ३८ च्या वर गेली तर सोडा. रेघ पार खालपर्यंत पुसली गेली तर टायर लोळतोय. आणि वळणातून बाहेर पडताना इंजिनाचा जोर जमिनीत कोण उतरवतो? तोच मागचा २५५.

घाटवळण:
ठसा तेवढाच, कबूल. पण आखूड-रुंद ठशाला तेवढीच बाजूची ताकद द्यायला कमी स्लिप अँगल (टायरचं तोंड आणि तो खरा जातो ती दिशा यांतला कोन) लागतो आणि उष्णता जास्त रबरात वाटली जाते. पुढच्या टायरला नेमकं हेच हवंय. कॅम्बर हवाच, पण तो २२५ चा २५५ करत नाही.

टॉर्करेंच (चिपळूण):
भांडताय टायरवरून, रिम कोणीच मोजली नाही. समजा पुढे ७.५ जे (रिमची रुंदी इंचात), ऑफसेट २५ (रिम गाडीला टेकते ती बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर) आणि मागे ८.५ जे, ऑफसेट ४०. मागची रिम पुढे लावली तर बाहेरची कड २ मिमी आतच राहते, पण आतली कड सुमारे २८ मिमी शॉकअ‍ॅब्सॉर्बरकडे सरकते. १० मिमी स्पेसर (रिम बाहेर सरकवणारी चकती) टाकला तरी १८ मिमी उरतात, आणि बोल्टही १० मिमी लांब घ्यावे लागतात. आधी स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बोटाने फट तपासा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हबच्या (चाक बसतं त्या भागाच्या) तोंडावर गंजाची पापडी धरते. ती वायरब्रशने न काढता स्पेसर बसवला तर चाक किंचित तिरकं बसतं आणि बोल्ट सैल होतात. पहिल्या सेशननंतर गार झाल्यावर बोल्टचा टॉर्क (आवळणी) पुन्हा तपासा, हवेच्या गनने नव्हे.

भरतीओहोटी (अलिबाग):
रुंदी वजनामागून जाते. पोर्शे ९११ चं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, म्हणून तिच्या ९९२ पिढीच्या कॅरेरा एसला पुढे २४५ आणि मागे ३०५. उलट नाक जड असलेल्या नव्या ऑडी आरएस३ ला पुढे २६५, मागे २४५! वजन जवळपास निम्मं-निम्मं असलेल्या सेडानला ३० मिमीचा फरक मला जास्तच वाटतो, म्हणून कौल घाटवळणला. पण गाडी चारही चाकांवर चालणारी असेल तर व्यास जपा. २२५/४५ चा ६६० मिमी, २५५/४० चा ६६१. दुकानात मिळाला म्हणून २२५/४० घेतलात तर ६३७. एवढ्या फरकाने ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीचा) क्लच सतत घसरत राहतो आणि जळतो.

खाडीकाठ:
आणि परत येताना पाऊस लागला तर? पुढचा टायर पाणी सारतो, पण मागचा रुंद असला की कडांना न सारलेलं पाणी लागतं. चारही २५५ केलेत तर पुढचाही लवकर तरंगायला लागेल. ट्रॅकवर नक्षी ३ मिमीपर्यंत घासून जूनमध्ये मुंबई-गोवा हायवेला लागलात तर कुठल्याही मापाने वाचत नाही.

घाटवळण:
मग मधला मार्ग: पुढे ८ जे रिमवर २४५/४० आर १८, व्यास ६५३, फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी. मागे २५५ तसेच.

टॉर्करेंच:
ऑफसेट सांगा, मग बोलू.