दहावीला 91 टक्के आणि अकरावीला 25 पैकी 6... मेहनत कमी पडतेय की डोकं?

देवगडची_ताई
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ, मराठी मीडियम, दहावीला 91 टक्के. आता अकरावी सायन्स आणि पहिल्याच युनिट टेस्टला फिजिक्समध्ये 25 पैकी 6. सकाळच्या पहिल्या एसटीने जातो, संध्याकाळी आला की रात्री अकरापर्यंत पुस्तक घेऊन बसलेला असतो म्हणजे आळशी म्हणावं तर तसंही नाही, पण आता म्हणायला लागलाय की माझं डोकंच सायन्सचं नाही, आर्ट्सला टाका. बाबा म्हणतात अजून मेहनत कर, मामा म्हणतो पॉझिटिव्ह रहा. काय करू?

खाडीकाठचा_मास्तर
ताई, कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिला, 2025 ला दहावीचा निकाल 98.82 टक्के, पेढे मी पण खाल्ले. पण 20 मार्क शाळेच्या हातात आणि वर बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे चांगले पाचच विषय धरतात, त्यामुळे सहातला कच्चा विषय टक्केवारीत दिसतच नाही. त्यात कालपर्यंत त्वरण, संवेग म्हणणारा पोरगा एकदम ॲक्सिलरेशन, मोमेंटम वाचतोय, मग अडखळणारच, यात डोक्याचा काय संबंध? मला सांगा, अकरापर्यंत तो वाचतो की सोडवतो? 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी कॉलेजच्या पोरांवर प्रयोग केला होता. उतारा परत वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या टेस्टमध्ये पुढे, पण आठवड्याने पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली परीक्षा काय पाच मिनिटांनी नसते.

झिलगो_मालवणी
मामाक सांगा, येवन बाजूक बस आणि तूच सोडव न्यूमरिकल 😀

गुहागर_टू_पुणे
मामाची एवढी पण खेचू नका. "मला जमणारच नाही" डोक्यात बसलं की पोरगा अवघड गणिताला हातच लावत नाही, माझ्या होस्टेलवर रोज बघते. फक्त ते ग्रोथ माइंडसेटचं, म्हणजे प्रयत्नाने डोकं वाढतं असं मुलांना पटवायचं, त्याचे जेवढे ढोल वाजवतात तेवढं नाहीये. 2019 मध्ये अमेरिकेत नववीच्या साधारण 12 हजार मुलांवरचा अभ्यास आला, कच्च्या मुलांचा फायदा 4 पैकी 0.1 ग्रेड पॉइंट. थोडा आहे पण खर्च जवळजवळ शून्य, म्हणून मी तरी नाही म्हणणार नाही. आणि बाबांना सांग, नुसत्या मेहनतीचं पण काही खरं नसतं, धोंडो केशव कर्वे मुरुडहून घाट चढून चालत साताऱ्याला परीक्षेला गेले आणि वय लहान दिसतं म्हणून बसूच दिलं नाही.

देवगडची_ताई
विचारलं त्याला. गाइडमधली सोडवलेली उदाहरणं नुसती वाचतो म्हणे, "समजतात ना मग" असं वर मलाच. इंग्रजीचं काय करायचं पण? क्लास रत्नागिरीला, रोज कसा जाणार.

खाडीकाठचा_मास्तर
क्लास राहू दे. दहावीचं विज्ञान इंग्रजी मीडियमचं बालभारतीच्या साइटवर फुकट पीडीएफ मिळतं. त्याचं मराठी पुस्तक रद्दीत गेलं नसेल तर दोन्ही शेजारी ठेवून वाचू दे. आणि गाइडमधलं उत्तर झाकून रोज दोन न्यूमरिकल, चुकली तरी वहीत खोडायची नाहीत. आर्ट्सचं दुसऱ्या युनिट टेस्टनंतर बघा, आणि तेव्हाही त्याला हवंच असेल तर जाऊ दे की.