मानसोपचार वॉर्डातल्या नर्सना 'खंबीर राहा' सांगून भागतं का?

रातपाळी: मी मानसोपचार वॉर्डात नर्स आहे. कोविडच्या काळात आम्हाला श्वसनाचे व्यायाम आणि सकारात्मक विचार शिकवणारी ऑनलाइन सत्रं मिळाली, जास्तीचा स्टाफ मात्र मिळाला नाही. माझं ठाम मत आहे की आमचा ताण कामाच्या रचनेतून आला होता. मनाच्या कमकुवतपणाशी त्याचा संबंध नव्हता.

आमचं निम्मं काम चेहऱ्यावर चालतं. आधीच संशयाने घेरलेल्या पेशंटसमोर मास्क, गॉगल, गाऊन घालून उभं राहिलं की तो आणखी बिथरतो. त्याला शांत करायला आवाज खाली आणावा, तर मास्कमधून काही ऐकू जात नाही. अंगावर धावून येणाऱ्याला अंतर राखून आवरता येत नाही. सॅनिटायझर कुणी पिईल म्हणून भिंतीला लावायचा नाही, खिशात बाळगायचा. पेशंटच्या मास्कमधली नाकावरची तारसुद्धा धोक्याची.

शांतिप्रिया: असहमत. निम्मा स्टाफ विलगीकरणात असताना जास्तीची माणसं आणायची कुठून? अशा वेळी स्वतःला सावरण्याचं कौशल्यच कामी येतं. मला त्या व्यायामांनी झोप परत मिळाली. ते मोडीत काढू नका.

अतिदक्षता: स्पष्टच बोलते. आमच्या आयसीयूत रोज माणसं जात होती. तुमचा ताण त्याच तागडीत कसा तोलायचा?

रातपाळी: @अतिदक्षता, तुमचं दुःख मी कमी लेखत नाही. पण मृत्यू आमच्याकडेही आला. फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियात चेओंगदोच्या रुग्णालयातल्या बंद मानसोपचार वॉर्डात जवळजवळ सगळे पेशंट बाधित झाले. त्या देशातला पहिला कोविड मृत्यूही तिथलाच. आमच्या वॉर्डात जेवण एकत्र, गटचर्चा एकत्र, ऑक्सिजनची लाइन नाही. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध पांढऱ्या पेशी घटवू शकतं, त्यामुळे ते घेणाऱ्याला ताप आला की कोविड आहे की पांढऱ्या पेशी घटल्यात, हा प्रश्न. त्यात सिगारेट सुटली की औषधाची रक्तातली पातळी चढते आणि पेशंट गुंगीत जातो. हे सगळं नर्सच्याच नजरेला आधी पडावं लागतं. आणि भेटी बंद असल्याने नातेवाइकांचा राग फोनवर ऐकायचा, तोही तिनेच.

अतिदक्षता: क्लोझापिनचं हे माहीत नव्हतं. तरी प्राधान्य आयसीयूलाच हवं होतं, यावर मी ठाम आहे.

जुनी_हेडनर्स: दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत. प्रसंग घडला की सगळ्यांना बसवून एकदाच मन मोकळं करायला लावणं जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. टिकतं ते नियमित सुपरव्हिजन, म्हणजे कामातला ताण वरिष्ठ नर्सशी बोलून घेणं: ठरलेला वार, तीच वरिष्ठ नर्स, आणि ती वेळ ड्यूटीतच धरलेली. अंगावर हल्ला झालेल्या नर्सला त्याच पाळीत परत त्याच पेशंटकडे पाठवायचं नाही, हा नियम कोणत्याही व्यायामापेक्षा मोठा आधार आहे.

शांतिप्रिया: नियम मान्य. पण सुपरव्हिजन म्हणजेही मनावरचंच काम ना?

रातपाळी: हो, पण पगारी वेळेतलं. आणि ती वरिष्ठ दुसऱ्या वॉर्डातली हवी. जिच्या हातात माझी रजा आहे, तिच्यासमोर 'मला आता त्या खोलीत जायची भीती वाटते' हे मी बोलणार नाही.