यूकेत जुगाराच्या साइट्स ब्लॉक करायच्या आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझा मावसभाऊ यूकेत शिकायला आहे, वय २२, आणि ऑनलाइन स्लॉटच्या (पैसे लावून चक्र फिरवायचा जुगार) नादी लागलाय. तिकडे नियम तसे कडक आहेत, २०२० पासून क्रेडिट कार्डने जुगार बंद, २०२५ पासून ऑनलाइन स्लॉटला एका स्पिनमागे ५ पाउंडची मर्यादा आणि १८ ते २४ वयाच्यांना तर फक्त २ पाउंड, पण २-२ करत रात्रभर खेळलं तर व्हायचं तेच होतं ना!

आता तो स्वतःच गॅमस्टॉपवर (जुगाराच्या साइट्सवर स्वतःलाच बंदी घालून घ्यायची तिकडची सेवा) नाव टाकायला तयार झालाय (हेच नशीब म्हणायचं). त्यात ६ महिने, १ वर्ष किंवा ५ वर्षं असे पर्याय असतात, मुदत संपेपर्यंत रद्द करता येत नाही, आणि गॅम्बलिंग कमिशनचं (जुगारावर देखरेख ठेवणारी तिकडची संस्था) लायसन असलेल्या साइट्सनाच ते लागू होतं. खरी भीती बिनलायसनवाल्या परदेशी साइट्सचीच आहे. त्यासाठी बँकेचा गॅम्बलिंग ब्लॉक पुरतो का, की फोनवर वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं? तिकडे राहणाऱ्या कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा. आणि मावशीला यातलं काहीच माहीत नाहीये, तिला सांगावं का आत्ताच?