मदत हवी आहे: पेशंट गोळीसाठी तळमळतोय, निघून जाईन म्हणतोय

सर्जिकल_सिस्टर: नाइटला आहे, कृपया लवकर सांगा. पेशंटला उलट्या, जांभया, नाक गळतंय, अंग ठणकतंय. गोळी द्या नाहीतर जातो म्हणतो. रेसिडेंट म्हणतात नाटकं आहेत, डामा घेऊ दे, म्हणजे सल्ला झुगारून स्वतःच्या जबाबदारीवर घरी जाऊ दे. असा गेला तर पाय वाचायचा नाही. मी काय करू?

मीनल_पुणे: कसली गोळी? पायाला काय झालंय?

सर्जिकल_सिस्टर: ओएसटीची हो, गर्दच्या (हेरॉइनच्या) व्यसनावर त्याऐवजी देतात ती, जिभेखालची. मांडीत टोचून टोचून मोठं गळू झालं होतं, काल चिरा देऊन पू काढलाय.

नंदूकाका: व्यसन सोडवायला पुन्हा गोळीच? माझ्या मेहुण्याला चार दिवस खोलीत कोंडलं, दारू कायमची सुटली. मन घट्ट करायला लावा.

ओएसटी_ताई: काका, दारू अशी एकदम तोडली तर फिट येऊन माणूस जाऊ शकतो. हा सल्ला कुणालाही देऊ नका. सिस्टर, मी ओएसटी सेंटरवर रोज समोर बसवून हीच गोळी, ब्युप्रेनॉर्फिन, देते. शेवटची गोळी कधी घेतली? त्यानंतर गर्द घेतलं का? दुखण्यावर काय दिलंय?

सर्जिकल_सिस्टर: ऍडमिशनच्या आधीपासून गोळी चुकलीय म्हणतो. गर्दचं कुणी विचारलेलं नाही. फोर्टविनची ऑर्डर होती, ते दिलंय.

ओएसटी_ताई: फोर्टविन म्हणजे पेंटाझोसिन. गर्द घेणाऱ्याला त्यानेच विड्रॉल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, भडकू शकतो. पुढचा डोस देण्याआधी रेसिडेंटना हे सांगा, दुखणं थांबवायला दुसरं काही लिहून घ्या. पडदा ओढून त्याला शांतपणे विचारा, पोलीस म्हणून नाही, नर्स म्हणून. गर्द नुकतंच घेतलं असेल तर ब्युप्रेनॉर्फिननेही तेच होतं. साधारण आठ-बारा तास जाऊन लक्षणं स्पष्ट दिसली पाहिजेत. झोपाळलेला असेल, दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या असतील तर डोस थांबवायचा. सकाळी त्याच्या सेंटरला फोन करून डोस आणि शेवटची तारीख पक्की करा. मध्ये खंड पडलाय, म्हणून जुनाच डोस परस्पर द्यायचा नाही, डॉक्टर ठरवतील. तोवर सायकियाट्रीच्या ऑनकॉलला बोलवा. इमर्जन्सीच्या क्रॅश कार्टमध्ये नॅलॉक्सोन, म्हणजे ओव्हरडोसवरचा उतारा, आहे का बघा.

कायदा_कायदा: आधी पोलिसांना कळवा. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे, उद्या तुमच्यावर शेकेल.

मीनल_पुणे: काय शेकेल? डॉक्टरांच्या ऑर्डरने औषध देतेय ती. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चं कलम २२ वाचा, सुई-सिरिंज आणि ओएसटीला तिथे संरक्षण आहे. एनडीपीएसमध्येही उपचार घ्यायला स्वतःहून आलेल्यासाठी ६४अ आहे. पोलीस दिसले तर पुढचा पेशंट गळू फुटेपर्यंत दवाखान्यात पाऊल टाकणार नाही.

व्हँकुव्हरची_वैनी: इकडे २००३ पासून इनसाइट नावाचं केंद्र आहे. लोक तिथे आपली नशा आपणच टोचून घेतात, नर्सेस लक्ष ठेवतात, ओव्हरडोस झाला तर सांभाळतात, जखमाही बघतात. आपल्याकडे असं का नाही?

ओएसटी_ताई: वैनी, त्यावर वेगळा धागा काढा, मी येते. इथे माणूस बेडवर तळमळतोय.

गृहिणी_ठाणे: माझा भाचा गुटखा फार खातो, त्याला ही गोळी चालेल का?

मीनल_पुणे: नाही, ही अफू-गर्दच्या व्यसनासाठी आहे. तंबाखूसाठी १८००-११२-३५६ वर फोन करा.

सर्जिकल_सिस्टर: अपडेट. गर्द ऍडमिशनच्या दिवशी सकाळी घेतलं होतं, म्हणजे वेळ उलटून गेलाय. फोर्टविन बंद केलं. सेंटरच्या सिस्टरनी डोस सांगितला, सायकियाट्रीच्या डॉक्टरांनी कमी डोसपासून ऑर्डर लिहिली. जिभेखाली ठेवून विरघळेपर्यंत उभी होते. आत्ता पोहे खाल्लेत त्याने. पण डिस्चार्जनंतर ड्रेसिंग कुठे करणार? घर नाही त्याला, स्टेशनजवळ झोपतो.

ओएसटी_ताई: रोज गोळीला येईल तेव्हा सेंटरवरच करता येईल, तिथल्या सिस्टरशी आजच बोलून ठेवा. डिस्चार्ज कार्डवर अँटिबायोटिक आणि ब्युप्रेनॉर्फिनचा डोस दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी तपासलंय का?

सर्जिकल_सिस्टर: एचआयव्ही झालीय. सी नाही.

ओएसटी_ताई: त्याला समजावून, विचारून सीची तपासणी आजच पाठवा. त्याचं औषध सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतं.